तेरचे कापड आणि भडोचची वाट

तेर म्हटले की आपल्याला प्रथम आठवतात ते गोरोबाकाका. परंतु गोरोबांच्या आधी हजार-बाराशे वर्षे तेरणेकाठच्या या गावाचे नाव दूर मिसर देशातल्या दर्यावर्दी व्यापाऱ्यांना ठाऊक होते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अशाच एका व्यापाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलेल्या 'पेरिप्लस' या प्रवासवहीत 'तगर' नगराचा उल्लेख आहे. तगर म्हणजे देवगिरी की जुन्नर, असा वाद पंडितांत बरीच वर्षे चालला. १९०१ साली डॉ. फ्लीट यांनी ते तेरच होय, असे साधार दाखविले.

त्या वहीत व्यापाऱ्याला हवे तेवढेच आहे. भडोचपासून पैठण वीस दिवसांवर, पैठणपासून तगर पूर्वेस दहा दिवसांवर. तगराहून साधे कापड पुष्कळ, तलम कापड, मोलोचिना नावाचे कापड. आणि हा माल वाट नसलेल्या विस्तीर्ण मुलखातून गाड्यांनी भडोचला उतरतो. पैठण-तेर हे सरळ अंतर सुमारे १५० किलोमीटर. म्हणजे दिवसाला पंधरा किलोमीटर. बैलाची चाल ती हीच!

आता कोणीही विचारील, की तेरहून कल्याण बंदर सरळ रेषेत ३३० किलोमीटरांवर असता, पैठणमार्गे पाचशे किलोमीटरांचा हा द्राविडी प्राणायाम कशासाठी? त्याचे उत्तरही वहीतच आहे. कल्याण ही पूर्वी राजमान्य पेठ होती. पुढे सत्ता पालटली आणि तेथे चुकून शिरलेले ग्रीक गलबत पहाऱ्यात भडोचला नेले जाऊ लागले. सातवाहन आणि क्षत्रप यांच्या झगड्याचा भुर्दंड असा गाडीवानाच्या बैलांनी भरला.

भडोचच्या बाजूने मात्र सोयी होत्या. नर्मदेचे मुख उथळ व धोक्याचे, म्हणून राजाच्या चाकरीतले कोळी लांब नावा घेऊन समुद्रात जात आणि परकी गलबते वाट दाखवीत आत आणीत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने भडोच, दशपूर, गोवर्धन व शूर्पारक येथे चौसोपी धर्मशाळा बांधल्या. तापी, दमण इत्यादी नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. हे सारे पुण्यार्थ, असे नाशिकच्या लेण्यातला लेख सांगतो. पण पुण्याच्या नावेत बसून नदी ओलांडणारा व्यापारीही होताच.

त्याच लेण्यात विणकरांचीही गोष्ट आहे. उषवदाताने गोवर्धनच्या कोलिक श्रेणीकडे २,००० कार्षापण कायम ठेव ठेवली, व्याज दरमहा शेकडा १. वर्षाचे २४० झाले. त्यातून वीस भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२. हिशेब तंतोतंत जमतो. राजघराण्याने पैसा ठेवावा अशी विणकरांची पत होती, ही लहान गोष्ट नव्हे. परंतु या लेखात चीवराचा दर आहे, व्याजाचा दर आहे. मागावर बसणाऱ्याची मजुरी मात्र कोठे नाही.

हे कापड जाई कोठे? पेरिप्लसकार आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील, आजच्या एरिट्रियातील, अदुलिस बंदराची यादी देतो. तेथे हिंदुस्थानातून लोखंड, पोलाद व सुती कापड उतरत असे, आणि त्या यादीत मोलोचिनाही आहे.