२५ जुलै : हॅरी पॅच यांचा स्मृतिदिन

पहिल्या महायुद्धात खंदकांत लढलेल्यांपैकी शेवटचे हयात सैनिक हॅरी पॅच २००९ मध्ये आजच्या दिवशी इंग्लंडमधील वेल्स शहरात निवर्तले. वय १११. पेशाने प्लंबर. बेल्जियममधील पाशेंडेलच्या लढाईत ते लुईस मशीनगनच्या तुकडीत होते. २२ सप्टेंबर १९१७ रोजी तोफगोळ्याने तीन जिवलग सोबती नेले, तेही जखमी झाले. ती तारीख त्यांनी जन्मभर पाळली. परतल्यावर पुन्हा नळकाम, संसार, दोन मुलगे. दुसऱ्या महायुद्धात बाथमध्ये अग्निशमन सेवा. युद्धाबद्दल मात्र शंभरीपर्यंत त्यांनी चकार शब्द काढला नाही. हे मौन बाळगून राबत राहणे रणांगणाइतकेच कठीण असणार. दोन्ही मुलांचे मरणही त्यांना पाहावे लागले. त्यांच्या अंत्यविधीत ब्रिटिशांसोबत जर्मन सैनिकही होते.