अंगणातील जुन्या वृक्षांची निगा (मराठवाडा)

अंगणातील जुन्या वृक्षांची निगा म्हणजे घराच्या आवारात अनेक दशके उभ्या असलेल्या मोठ्या झाडाची मुळे, खोड व फांद्या सुस्थितीत राखणे होय. नांदेड व लातूर जिल्ह्यांत असे झाड बहुधा कडुनिंब, चिंच, आंबा किंवा पिंपळाचे असते. रोपाप्रमाणे त्याला सतत खतपाणी लागत नाही. त्याचे आयुष्य घटते ते प्रामुख्याने भोवतालच्या बांधकामामुळे आणि चुकीच्या तोडीमुळे.

मुळे आणि माती

अन्नपाणी शोषणारी मुळे मुख्यतः जमिनीच्या वरच्या सुमारे अर्ध्या मीटरच्या थरात असतात व फांद्यांच्या घेरापलीकडेही पसरतात. त्यामुळे बुंध्यापासून काही अंतरावर खणलेला पाया, शोषखड्डा किंवा नळाचा चरही मुळांचा मोठा हिस्सा तोडू शकतो. परिणाम लगेच दिसत नाही. शेंडे वाळू लागेपर्यंत काही वर्षे जातात आणि तोवर खोदकाम विस्मरणात गेलेले असते. काँक्रीट किंवा फरशीने अंगण झाकल्यास मुळांना हवा व पाणी मिळत नाही. बुंध्याभोवती पार बांधण्याची प्रथा जुनी आहे. मात्र पारातील मातीचा भराव खोडाला टेकल्यास साल कुजते.

या भागातील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसून भेगाळते. घराच्या भिंतीला तडा गेल्यास मुळांना दोष दिला जातो. प्रत्यक्षात मूळ भिंत ढकलते असे क्वचितच घडते. झाडाने ओलावा शोषल्याने पायाखालची माती आकसणे, हे अधिक संभाव्य कारण असते. अशा वेळी मोठे झाड एकाएकी तोडल्यास माती पुन्हा फुगून नवे तडे जाऊ शकतात.

पाणी

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले होते. अशा टंचाईत बुंध्याशी रोज बादलीभर पाणी ओतण्याचा उपयोग कमी होतो. दोन-तीन आठवड्यांतून एकदा, फांद्यांच्या घेराखाली, खोलवर मुरेल असे पाणी देणे श्रेयस्कर ठरते. पालापाचोळा न जाळता खोडापासून थोडा दूर पसरल्यास ओलावा टिकतो. धुण्याच्या साबणाचे पाणी टाळावे. काळी माती मुळातच अल्कधर्मी असते.

छाटणी आणि रोग

सर्व फांद्या छाटून खोड बोडके केल्यास नंतर फुटणारे धुमारे कमकुवत जोडाचे असतात व वादळात मोडतात. वाळलेली फांदी तिच्या बुडाशी असलेल्या फुगीर कड्याबाहेर कापावी. झाड ती जखम स्वतःच बुजवते. कापलेल्या जागी डांबर किंवा रंग लावल्याने कूज थांबत नाही. ढोलीत सिमेंट भरणेही आता योग्य मानले जात नाही. आंब्यावरील बांडगूळ फळे धरण्यापूर्वी फांदीच्या तुकड्यासह काढतात.

शेजारच्या तेलंगणात २०२१ मध्ये कडुनिंबावर शेंडेमर मोठ्या प्रमाणावर आढळली. अशी झाडे मेलेली भासली तरी त्यांपैकी अनेकांना पुन्हा पालवी फुटते. साल किंचित खरवडल्यावर आत हिरवा थर दिसल्यास तोडण्याची घाई करू नये.

कायदेशीर तरतुदी

नांदेड-वाघाळा व लातूर महानगरपालिकांच्या हद्दीत, तसेच नगरपरिषद क्षेत्रांत, महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ लागू आहे. झाड खासगी अंगणात असले तरी ते तोडण्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. या कायद्यात ‘तोडणे’ या संज्ञेत झाड जाळणे किंवा कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणेही येते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ मानले आहे. झाड मृत, रोगग्रस्त किंवा जीवितास व मालमत्तेस धोकादायक असल्याचे प्राधिकरणाचे मत झाल्यास परवानगी नाकारली जात नाही.