पोरं कुणाच्या हवाली?



आश्रमशाळेतलं पोर दगावलं की वर्तमानपत्रात चार ओळी येतात. ताप आला, साप चावला, विहिरीत पडलं. साहेब म्हणतात, चौकशी होईल. आईबापाच्या हातावर सानुग्रह अनुदान ठेवलं जातं आणि फाईल बंद होते. त्या चार ओळींच्या मागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. 'जव्हार-मोखाडा हा आदिवासींचा प्रश्न, आपला नव्हे' असं म्हणणाऱ्या आपल्यातल्या कार्यकर्त्यांनी तर तो आधी वाचावा.

पहिल्यांदा 'आश्रम' हा शब्दच तपासून घ्या. आश्रम म्हटलं की आपल्याला एकलव्याचा अंगठा आठवतो. आपल्याकडे हा शब्द आदिवासी पोरांच्या शाळेला चिकटला तो ठक्करबाप्पांच्या काळात. अमृतलाल ठक्करांनी 1922 साली दाहोदला भिल्ल सेवा मंडळ काढलं आणि भिल्लांच्या पोरांसाठी आश्रम सुरू केले. माणूस कष्टाचा होता, रानोमाळ हिंडला, याबद्दल वाद नाही. वाद आहे तो साच्याबद्दल. त्या साच्यात धरूनच चाललेलं होतं की पोराचं घर म्हणजे दारू, अज्ञान आणि घाण. पोर सुधारायचं तर त्याला घरापासून तोडायचं, सेवकाच्या हवाली करायचं. आता घरच वाईट ठरलं तर आईबापाला शाळेच्या दारात उभं राहून जाब विचारायला तोंड कुठलं राहणार? शाळा उपकाराची झाली. आणि उपकारकर्त्याला कोण विचारतो, की बाबा, माझं पोर रात्री झोपतं कुठं?

त्याच सुमाराला दुसरी एक वाट पडत होती. बहिष्कृत हितकारिणी सभेनं 1925 साली सोलापूरला वसतिगृह काढलं. पोरं तिथंही घरापासून दूरच राहत होती. सभेत सवर्ण हितचिंतकही होते. पण कारभारी मंडळाचे अध्यक्ष खुद्द बाबासाहेब होते. म्हणजे ज्यांची पोरं, त्यांच्यातलाच माणूस कारभारावर. फरक भिंतींचा नव्हता, कारभार कुणाच्या हातात याचा होता.

मुंबई सरकारनं अस्पृश्य आणि आदिम जमातींच्या स्थितीची चौकशी करायला 1928 साली स्टार्ट समिती नेमली. तिचा अहवाल 1930 साली आला. त्या समितीत बाबासाहेब आणि ठक्कर दोघंही होते. दलित आणि आदिवासी यांची फिर्याद तेव्हा एकाच टेबलावर होती, हे आपण विसरलो.

पुढं 1932 साली पुणे करारानंतर अस्पृश्यतानिवारक संघ निघाला. ठक्कर त्याचे सरचिटणीस. तिसऱ्या गोलमेज परिषदेला निघालेल्या बाबासाहेबांनी 14 नोव्हेंबर 1932 रोजी बोटीवरून ठक्करांना लांब पत्र लिहिलं. त्याचा मतलब असा: माणसं सुधारण्याच्या दोन रीती आहेत. एक म्हणजे प्रत्येक माणूस सद्गुणी करायचा, त्यासाठी शाळा, वाचनालयं, तालमी, दारूबंदी. दुसरी म्हणजे ज्या परिस्थितीनं त्याला चिरडलंय ती बदलायची. गावची विहीर, गावची शाळा, चावडी यांवरचा हक्क लढून मिळवायचा. संघानं दुसरी रीत धरावी, आणि कामाला माणसं शक्यतो त्याच समाजातली घ्यावीत. या पत्राची साधी पोचही आली नाही, असं बाबासाहेबांनी पुढं लिहून ठेवलंय.

पोच आली नाही, पण साचा मात्र जव्हारपर्यंत आला. जव्हार हे मुकणे राजांचं संस्थान, राजघराणं महादेव कोळ्यांचं. 1948 साली ते मुंबई प्रांतात विलीन होऊन ठाणे जिल्ह्यात गेलं. 2014 पासून पालघर जिल्ह्यात आहे. त्याआधी 1940 साली बाळासाहेब खेरांनी ठाणे जिल्ह्यात आदिवासी सेवा मंडळ काढलं होतं. 1953-54 पासून सरकार अशा संस्थांना आश्रमशाळांसाठी अनुदान देऊ लागलं आणि 1972-73 पासून स्वतःच शासकीय आश्रमशाळा चालवू लागलं. आज राज्यात दोन्ही मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. त्यांतूनच पहिल्या पिढीचे शिक्षक, नर्सा, कारकून निघाले, हे नाकारायचं कारण नाही. पण सेवकाच्या जागी अधीक्षक आला, एवढाच बदल झाला. जाब विचारायचा हक्क काही आला नाही.

याच जिल्ह्यात दुसरं घडू शकत होतं. 1945 साली तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी लाल बावट्याखाली वेठ झुगारली. त्याच वर्षी ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला काम सुरू केलं. पुढं कोसबाडला त्यांनी गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणातच शाळा भरवली. नंतर विधायक संसदेनं वीटभट्टीवर भोंगाशाळा चालवल्या. या शाळा पोरामागं गेल्या. पोर आईच्या नजरेच्या टप्प्यात राहिलं.

आश्रमशाळेतलं पोर त्या टप्प्याबाहेर गेलं. जव्हार-मोखाड्यात तर नजर ठेवणारंच कुणी गावात उरत नाही. भात काढून झालं, दिवाळी सरली, की उचल घेतलेली कुटुंबं भिवंडी-वसईकडं भट्टीवर नाहीतर बांधकामावर जातात. घरी खायला नाही म्हणून पोर शाळेत ठेवलेलं असतं. ज्या मुलखातल्या वावर-वांगणीत 1992 साली शंभरावर पोरं भुकेनं आणि आजारानं गेली, तिथल्या आईला 'शाळेत दोन वेळचं मिळतं' हे वाक्य पुरेसं होतं. तक्रार केली आणि नाव कमी केलं तर? या एका धाकानं ती गप्प बसते.

वर्षानुवर्षं कित्येक ठिकाणी दिवसाचा वर्ग हीच रात्रीची झोपायची खोली. कडी धड नाही, संडास लांब. पोरींच्या मुक्कामाला बाई अधीक्षिका असतेच असं नाही, ताप बघायला नर्स नाही. 2013 साली आश्रमशाळांतल्या मृत्यूंचं प्रकरण जनहित याचिकेतून मुंबई उच्च न्यायालयात गेलं. 2016 साली डॉ. सुभाष साळुंके समितीचा अहवाल आला. पंधरा वर्षांत राज्यात हजाराहून जास्त पोरं गेली होती. त्याच साली बुलढाणा जिल्ह्यातल्या पाळ्याच्या आश्रमशाळेत मुलींवरचे अत्याचार उघडकीला आले, तेही दिवाळीला पोरगी घरी गेल्यावर. घरी बोलायला माणूस होतं, म्हणून वाचा फुटली. ज्या पोरीचं घर भट्टीवर गेलंय तिनं कुणाशी बोलायचं? ऑगस्ट 2024 मध्ये पालघर जिल्ह्यातच कांबळगावच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरातलं अन्न खाऊन आश्रमशाळांतली दोनशेहून अधिक पोरं आजारी पडली.

कायदे नाहीत असं कुणी म्हणू नये. घटनेच्या कलम 46 मध्ये दुर्बलांचं, खास करून अनुसूचित जाती-जमातींचं शिक्षणहित आणि शोषणापासून संरक्षण एकाच वाक्यात बांधलंय. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानं शाळेत मारहाणीला आणि मानसिक छळाला बंदी घातली. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं अत्याचार माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच गुन्हा ठरवला. संस्थेच्या प्रमुखानं आपल्या हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडपला तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आहे. 'शाळेची बदनामी नको' म्हणणारा हेडमास्तर आणि संस्थाचालक कायद्यानं आरोपी आहे, हे गावोगाव सांगा.

आणि सगळ्यात मोठं हत्यार तर वापराविना पडून आहे. जव्हार-मोखाडा पाचव्या अनुसूचीतला मुलूख. 1996 च्या पेसा कायद्यात सामाजिक क्षेत्रातल्या संस्थांवर आणि तिथल्या नोकरांवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार पंचायत आणि ग्रामसभेला द्यायचं म्हटलंय. आश्रमशाळा संस्थाच आहे ना? अधीक्षक नोकरच आहे ना? मग ग्रामसभेत त्याची हजेरी का लागत नाही?

तेव्हा मोर्चा निघेल तेव्हा निघेल. आधी ही कामं करा. दिवाळीआधी, माणसं गावात आहेत तोवर, ग्रामसभेत आश्रमशाळेचा विषय घ्यायला लावा. रात्री मुक्कामाला कोण, नर्स कधी येते, तक्रारपेटी कुणासमोर उघडते, हे लेखी मागा. भट्टीवर जाणाऱ्या प्रत्येक आईला शाळेतून फोन जाईल अशी नोंद करायला लावा. पोरापोरीला 1098 हा नंबर पाठ करून द्या. आणि वारली, कातकरी, कोकणा भावाबहिणींच्या पुढं उभं राहू नका, बाजूला उभं राहा. पुढं उभं राहून उपकार करणारे शंभर वर्षं पुष्कळ झाले.

बोटीवरून लिहिलेल्या त्या पत्राचं उत्तर ठक्करांनी दिलं नाही. ते द्यायचं काम आता आपल्यावर आहे.