बाकड्याच्या पाठीवरचे नाव

रस्त्याकडेच्या बाकड्यावर नाव घालण्याची चाल महाराष्ट्रात जाहिरातीच्या धंद्याहून जुनी आहे. पाणपोई, धर्मशाळा, विहीर, देवळाची पायरी यांवर दात्याचे नाव कोरले जाई. सिमेंटची बाकडी आली तेव्हा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ हा मजकूर आपसूक त्यांच्या पाठीवर गेला. पुढे त्याच जागी दुकानाचे नाव आले, मग नगरसेवकाचे. जागा तीच राहिली, पैसे देणारा बदलत गेला.

पनवेलमध्ये हा बदल नीट दिसतो, कारण ते मुळात खोळंबायचे गाव. 1830 मध्ये बोरघाटातला गाडीरस्ता खुला झाला. त्या काळी मुंबईहून निघालेला प्रवासी होडीने खाडीतून पनवेल बंदराला लागे आणि तिथून घाट चढून पुण्याला जाई. रेल्वेने कल्याण-कर्जतची वाट धरल्यावर ही वर्दळ ओसरली. 1852 मध्ये स्थापन झालेली इथली नगरपालिका राज्यातल्या सर्वांत जुन्या नगरपालिकांपैकी एक. तिने तो पडता काळही पाहिला. गर्दी परतली ती मोटारीबरोबर. पुण्याचा आणि गोव्याचा असे दोन्ही रस्ते पनवेलजवळच फुटतात. 1 जून 1948 रोजी एसटीची पहिली गाडी पुणे-अहमदनगर मार्गावर धावली. पुढे एसटीचे जाळे कोकणात पसरले आणि पनवेलचे स्थानक कोकणच्या वाटेवरचा मोठा थांबा झाले.

बसलेल्या माणसाचे डोळे मोकळे असतात, हे जाहिरातदाराला कोणी शिकवावे लागत नाही. एसटी स्थानकांच्या भिंती, खांब आणि बाकडी ऑइल पेंटने रंगू लागली. दंतमंजन, तपकीर, विडी, चहा यांची नावे ठळक, आणि मधूनमधून सरकारी कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण. कोपऱ्यात बोटभर अक्षरांत पेंटरची सही असे. गावातल्या नव्या गिऱ्हाइकाला तेवढा पत्ता पुरे. पेंटर आधी खडूने दोन रेघा आखी, अक्षरे मोजून मधले अंतर ठरवी आणि मगच ब्रश टेके. शेवटचे अक्षर मावले नाही तर ते बारीक करून कोंबलेले कायमचे दिसत राही. 2000 च्या आसपास फ्लेक्स आला आणि हे काम पेंटरच्या हातून गेले. रंगवलेली पाटी अनेक पावसाळे टिके. फ्लेक्स एका वाढदिवसापुरता लागतो, हे त्याच्या स्वस्ताईचेच दुसरे अंग.

मुंबईत 1966-67 च्या सुमारास अमूलची ठिपक्यांच्या फ्रॉकमधली मुलगी विजेच्या खांबांवरच्या पाट्यांतून आणि बसगाड्यांवरून लोकांसमोर आली. रस्त्यावरच्या सामानाच्या आधाराने एखादे चित्र घराघरांत पोचल्याचे याहून ठळक उदाहरण या भागात क्वचितच सापडेल. बसनिवाऱ्याचा आजचा व्यवहार मात्र फ्रान्समधून आला. तिथे 1964 मध्ये महामार्गांकडेच्या मोठ्या फलकांवर कर बसला, तेव्हा जाँ-क्लोद दको या व्यावसायिकाने लिओं शहराला बसनिवारे फुकट बांधून, त्यांची निगा राखून देण्याचे कबूल केले. मोबदला म्हणजे त्यांवरच्या जाहिरातीचा हक्क. आपल्याकडे याच पद्धतीला ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ असे लांबलचक नाव पडले.

पनवेलच्या वाट्याला हा व्यवहार आला तो नव्या वसाहतींच्या निमित्ताने. 1970 मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवीन पनवेल, कळंबोली, कामोठे, खारघर हे विभाग आखले. नव्या मुंबईच्या परिवहन उपक्रमाच्या, म्हणजे एनएमएमटीच्या, गाड्या पुढे या रस्त्यांवर आल्या. त्यामुळे एकाच शहरात काही अंतरावर जमिनीचा मालक बदलतो: कुठे महापालिका, कुठे सिडको, कुठे एसटी, कुठे महामार्गाचे खाते. पाटी कोणाच्या परवानगीने लागली, हा प्रश्न म्हणूनच इथे वाटतो तितका सरळ नाही.

निवाऱ्याच्या रचनेतही एक खोच आहे. आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणजे थांब्यावर रस्त्याकडे तोंड करून उभ्या प्रवाशाला बस उजवीकडून येताना दिसते. जाहिरातदाराला सगळ्यांत हवा असतो तो उजव्या बाजूचाच फलक, कारण समोरून येणाऱ्या गाडीवाल्याला तोच दिसतो. फलक लागला की प्रवाशाची नजर अडते. मग तो उन्हात किंवा पावसात बाहेर येऊन मान लांबवतो. निवारा असून तो निवाऱ्याबाहेर उभा राहतो, यात त्याचा दोष नाही. शिवाय ठेकेदाराला वर्दळीचा रस्ता हवा असतो. आतल्या गल्लीतल्या थांब्याच्या नशिबी बहुधा एक खांब आणि पाटी.

जिथे ठेकेदार फिरकत नाही तिथे लोकप्रतिनिधी पोचतो. 1993 मध्ये खासदार निधीची योजना सुरू झाली. आमदार आणि नगरसेवकांच्याही निधीतून गावोगाव ‘प्रवासी निवारा शेड’ उभ्या राहिल्या. त्यांवर थांब्याचे नाव लहान आणि ‘यांच्या निधीतून’ हे मोठे, ही मांडणी आता सवयीची झाली आहे. स्मरणार्थ बाकड्यावर निदान पैसे दात्याच्या घरचे असत.

1 ऑक्टोबर 2016 रोजी नगर परिषद आणि भोवतालची 29 गावे मिळून पनवेल महानगरपालिका झाली. महानगरपालिकांच्या 1949 च्या अधिनियमातली 244 आणि 245 ही आकाशचिन्हांची व जाहिरातींची कलमे तिला लागू झाली. त्याच सुमारास 101 व्या घटनादुरुस्तीने राज्यसूचीतली जाहिरातकराची नोंद वगळली. वस्तू व सेवा कर आल्यावर पालिकांच्या हाती परवाना शुल्क आणि जागेचे भाडे उरले. 1995 च्या मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधक कायद्याने विनापरवाना पाटी गुन्हा ठरते, पण रात्रीत लागणाऱ्या फ्लेक्सला त्याचा धाक बेताचाच.

निवडणुकीची आचारसंहिता लागली की मात्र निधी देणाऱ्या लोकप्रतिनिधीचे हेच नाव अडचणीचे होते. पालिकेचे कर्मचारी खळ आणि कागद घेऊन निघतात, बाकड्याच्या पाठीवरचे आणि शेडच्या कपाळावरचे नाव झाकतात. काही दिवसांत कागदाचे कोपरे सुटतात आणि आडनावाचे शेवटचे अक्षर डोकावू लागते.