‘कलेकडे वळले’ म्हणजे नक्की काय झालं?

संशोधन प्रस्ताव लिहायला बसलेल्या मित्रमैत्रिणींनो, आज एका क्रियापदाबद्दल बोलू. कलावंतांवरचा कुठलाही प्रस्ताव उघडा, पहिल्या पानावर हे वाक्य हमखास सापडतं: ‘अमुक कलाकार लहानपणीच कलेकडे वळले.’ वाक्य साधं आहे, पण त्यात एक गृहीतक लपलंय. माणूस चौकात उभा होता, समोर चार रस्ते होते आणि त्याने त्यातला एक निवडला. प्रत्यक्षात तसं होतं का? मराठी रंगभूमी, सिनेमा आणि तमाशा या तीन ठिकाणची तीन उदाहरणं घेऊन पाहू.

पहिलं उदाहरण नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजे बालगंधर्व (1888–1967). त्यांची गोष्ट आपण शाळेपासून ऐकतो. लहानग्याचं गाणं लोकमान्य टिळकांनी ऐकलं, ‘बालगंधर्व’ म्हणाले आणि नाव पडलं. गोष्ट गोड आहे. पण तिच्यातून एवढंच कळतं की मुलगा सुरेल होता. सुरेल मुलं तेव्हा गावोगावी असतील. मग हाच मुलगा 1905 मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत का गेला, याचं उत्तर तिच्यात नाही.

त्यासाठी थोडं मागे जावं लागतं. 1880 साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांनी ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणलं आणि संगीत नाटकाची कंपनी उभी राहिली. कंपनीत बायका काम करत नव्हत्या. शकुंतला, सुभद्रा या भूमिका पुरुषच करायचे आणि नाटकाचा सगळा डोलारा गाणाऱ्या स्त्री-पार्टीवर उभा असायचा. कंपनीसाठी तो डोलारा पेलला भाऊराव कोल्हटकरांनी. 1901 साली भाऊराव गेले. आता कंपनीचा हिशेब मांडून बघा. नाटकं तयार, प्रेक्षक तयार, पण शकुंतला कोण करणार? चार वर्षांनी नारायण राजहंस कंपनीत आले आणि शकुंतला म्हणून उभे राहिले. टिळकांची शाबासकी खरी मानली, तरी दार उघडलं ते एक जागा रिकामी झाल्यामुळे. ती जागाही अशी होती की जी फक्त पुरुषालाच मिळू शकत होती.

माझा मुद्दा एवढाच आहे. कलावंत कलेत कसा आला हे शोधताना आधी त्याच्या मनात डोकावू नका. आधी जागा शोधा. ती कुणामुळे रिकामी झाली, तिच्यावर कोण बसू शकत होतं आणि कुणाला तिच्या जवळही फिरकता येत नव्हतं, ते पाहा.

ही जागा काळाबरोबर बदलते, हे सिनेमात तर स्पष्टच दिसतं. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये दादासाहेब फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नाही. एका हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली. साळुंके ‘अभिनयाकडे वळले’ असं म्हणायचं का? त्यांना त्या जागेवर आणलं गेलं, हे जास्त नेमकं. लगेच पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. रंगभूमीवर 1933 मध्ये ‘नाट्यमन्वंतर’च्या ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्ना भोळे उभ्या राहिल्या. हळूहळू स्त्री-पार्टीची जागाच मोडीत निघाली. विसाव्या शतकाच्या मध्यावर एखादा मुलगा नारायण राजहंसांइतकाच सुरेल असता, तरी त्याला शकुंतला मिळाली नसती. गळा तोच असला, तरी जागाच उरली नव्हती.

दुसरं उदाहरण हंसा वाडकरांचं. त्यांचं आत्मकथन ‘सांगत्ये ऐका’ पुस्तकरूपात 1970 मध्ये आलं. त्याआधी ते ‘माणूस’मध्ये आलं होतं. शब्दांकन अरुण साधूंचं. 1936 च्या ‘विजयाची लग्ने’पासून त्यांचं सिनेमातलं काम सुरू झालं, तेव्हा त्या जेमतेम तेरा वर्षांच्या होत्या. इथे रिकामी जागा स्टुडिओत होती आणि घरातही होती. बोलपटांना गाणाऱ्या-बोलणाऱ्या मुली हव्या होत्या, आणि घराला कमावणारं माणूस हवं होतं. या दोन गरजा जिथे भेटल्या तिथे ही मुलगी उभी होती. यात ‘आवड’ नव्हती असं नाही. पण आवड हे कारण होतं की नंतर जडलेली सवय, हे तपासल्याशिवाय लिहू नका.

इथे पद्धतीची एक गोष्ट लक्षात ठेवा. आत्मकथन हा पुरावा असतोच, पण तो दोन काळांचा असतो. घटना घडली तो एक काळ आणि सांगितली तो दुसरा. हंसाबाई 1936 बद्दल बोलतात त्या अनेक वर्षांनंतर, आणि ते कागदावर उतरवणारा माणूस वेगळा. वाचताना वहीत दोन रकाने पाडा: काय घडलं, आणि ते कधी, कुणाला, कशासाठी सांगितलं. बऱ्याच गोष्टी आपोआप सुट्या होतात.

तिसरं उदाहरण विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (1935–2002). इथे ‘वळल्या’ हा शब्द पार कोलमडतो. आजोबांपासून घरात तमाशा. वडील आणि चुलत्यांच्या नावाने ‘भाऊ-बापू’ फड गाजलेला. ढोलकी कानावर पडतच त्या वाढल्या. चार रस्त्यांचा चौक त्यांच्यासमोर कधी नव्हताच. जातीने आणि घराने जागा आधीच ठरवून ठेवली होती. म्हणून त्यांचं मोठेपण कमी होत नाही. त्या जागेवर राहून त्यांनी काय केलं, राष्ट्रपती पुरस्कारापर्यंत कशा पोचल्या, हा खरा अभ्यासाचा विषय आहे.

विठाबाईंची एक गोष्ट सगळीकडे सांगतात: खेळ चालू असताना त्या पडद्यामागे बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. आपण ती ‘कलेवरची निष्ठा’ म्हणून सांगतो. संशोधक म्हणून वेगळा प्रश्न विचारा: त्या रात्री खेळ थांबवता का आला नसता? फडाचा व्यवहार समजून घ्या. गावाने सुपारी दिलेली, कलाकारांनी उचल घेतलेली, समोर पैसे मोजून आलेले प्रेक्षक. मग तीच गोष्ट निष्ठेइतकीच नाइलाजाची वाटू लागते. फक्त निष्ठा लिहिली, तर त्या बाईच्या वाट्याला आलेली सक्ती आपण पुसून टाकतो. शब्द निवडण्यात एवढी जोखीम असते.

हे सगळं जुन्या पुस्तकांपुरतं नाही. मी राहतो त्या वाघोलीचंच घ्या. 2021 मध्ये गाव पुणे महापालिकेत आलं, सोसायट्या वाढल्या. नव्या वस्तीबरोबर नाचाचे क्लास, ढोल-ताशा, वाढदिवसांचे कार्यक्रम यांच्या नव्या जागा तयार होतात. त्या कुणाला मिळतात? जागरण-गोंधळ घालणाऱ्या घरातल्या मुलाला त्यात शिरता येतं का? हा एका छोट्या प्रबंधाचा विषय आहे. आणि नारायणगाव इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. जत्रांच्या हंगामाआधी तिथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. कलावंताची मुलाखत घेण्याआधी तो व्यवहार अर्धा दिवस नुसता बघा.

आणि मुलाखतीला बसलात की ‘तुम्ही या कलेकडे कसे वळलात?’ हा प्रश्न बाजूला ठेवा. त्यावर शंभरदा सांगून गुळगुळीत झालेलं उत्तर मिळतं. त्याऐवजी विचारा: तुमच्या आधी हे काम कोण करायचं? ते का थांबले? पहिले पैसे किती मिळाले आणि ते कुणाच्या हातात गेले? तुमच्याबरोबर शिकत होतं पण पुढे आलं नाही, असं कोण होतं? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. आत आलेल्यांची नावं इतिहासात सापडतात. दाराशी थांबलेल्यांची नावं फक्त त्यांच्या सोबत्यांनाच ठाऊक असतात.