नामावळीत नसलेली ओळ

कुशावर्तावर स्नान उरकून यजमान उपाध्यांच्या ओसरीवर टेकला की पहिला प्रश्न ठरलेला : मूळ गाव कोणते, आडनाव काय? गाव कळले की फडताळातल्या असंख्य बाडांतून नेमके एक खाली येते. कापडाची गाठ सुटते, उपाध्ये पानावरून बोट फिरवत जातात आणि मध्येच थांबतात. यजमानाच्या पणजोबांची सही! शेजारी त्यांच्या भावांची, मुलांची नावे आणि यात्रेची मिती. जुन्या नोंदी मोडीत, नंतरच्या बाळबोधीत. शेवटी यजमान स्वतःची पिढी लिहितो आणि खाली सही करतो.

त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांनी या नामावळ्या पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. वारसाच्या दाव्यांत तीर्थक्षेत्रांतल्या अशा नोंदी न्यायालयापुढे पुरावा म्हणून गेल्या आहेत. महाराष्ट्रातल्या कितीतरी घराण्यांचा इतिहास आज एवढ्याच कागदावर उरला आहे.

घराण्याबद्दल असेच प्रश्न आता कॅन्सरचे डॉक्टरही विचारतात. वडिलांना किंवा भावाला प्रोस्टेटचा कॅन्सर झाला असेल, तर पुरुषाचा धोका साधारण दुप्पट होतो. हा आजार पसरला की बहुधा हाडांत जातो. कणा, कंबर, बरगड्या. म्हातारपणाची पाठदुखी म्हणून ती दुखणी अंगावर काढली जातात.

तो हाडांतच का जातो? लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरबद्दल लिहिताना बी आणि माती यांचा दाखला दिला होता : बी चहूकडे उडते, रुजते मात्र मानवेल त्याच मातीत. बी हाडाच्या मातीत कसे रुजते, हे कळायला पुढे शतक जावे लागले आणि त्याचे बरेचसे उत्तर जनुकांच्या नियमनात सापडले. ते समजायला उपाध्यांचे फडताळच आठवावे. हाडाच्या आणि प्रोस्टेटच्या पेशीत बाडे तीच असतात. कोणते सोडायचे आणि कोणते बांधून ठेवायचे, यावर पेशीचे काम ठरते. रन्क्स-२ हे हाड घडवणाऱ्या पेशींचे बाड. कॅन्सर झालेल्या प्रोस्टेटच्या पेशीत ते सुटले, की ती हाडातली प्रथिने बनवू लागते आणि परक्या घरात घरच्यासारखी वावरते. तिच्या चिथावणीने आसपास वेडेवाकडे नवे हाड चढते. एक्स-रेत ते पांढऱ्या दाट डागांसारखे दिसते.

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरकही अशी बाडे सोडते. त्याला धरणारे प्रथिन डीएनएवर जाऊन बसते आणि जनुके चालू करते. ही यंत्रणा कोणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी वृषणे काढून हाडांत पसरलेला आजारही मागे हटतो, हे दाखवले. हगिन्स यांना नोबेल मिळाले ते १९६६ मध्ये.

जनुकांची ही उघडझाप बहुतेक वेळा त्या माणसाच्या शरीरातच, त्याच्या हयातीत बिघडते. पण काही दोष जन्मतःच येतात. बीआरसीए-२ हे डीएनएची दुरुस्ती करणारे जनुक. त्यातला दोष लेकीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर देऊ शकतो आणि मुलाला प्रोस्टेटचा, तोही बरेचदा वेगाने पसरणारा. हा दोष वडिलांकडून येतो, तसाच आईकडूनही. म्हणजे मावशीच्या स्तनाच्या कॅन्सरचा भाच्याच्या प्रोस्टेटशी संबंध असू शकतो.

नामावळी इथे मुकी होते. ती बापाकडून मुलाकडे चालते. लेक लग्नानंतर सासरच्या बाडात जाते, आणि कोण कशाने गेले हे सहसा लिहिलेले नसते. खरे तर त्याच ओसरीवर होणाऱ्या तीर्थश्राद्धात मातामह, प्रमातामह, वृद्धप्रमातामह अशा आईकडच्या तीन पिढ्यांचाही उच्चार होतो. विधीला आजोळ आठवते, वहीला आठवत नाही.

तेव्हा त्र्यंबकहून परतल्यावर घरी एक वही घाला. आईकडचे आणि वडिलांकडचे, लेकी-सुनांसह सगळे त्यात लिहा. कोणाला कोणता कॅन्सर, कितव्या वर्षी, हेही लिहा. आणि दवाखान्यात जाताना ती सोबत न्या.