शालेय सॉफ्टबॉल: कोण किती मेहनती, हे कॅलेंडर पाहून ठरवा

शालेय सॉफ्टबॉलची निवड चाचणी असली की मैदानाच्या कडेला एक वाक्य हमखास ऐकू येतं: 'अमुक भागातली पोरं जीव तोडून खेळतात, आपल्याकडची सिरियस नाहीत.' हा खेळ अमेरिकेत जन्मला. तिथेही असंच बोललं जातं. तिथला मेहनती भाग म्हणजे कॅलिफोर्निया, आणि मागे पडणारा भाग म्हणजे उत्तरेकडची थंड राज्यं. या समजात तथ्य किती, सरावात प्रदेशागणिक नेमका काय फरक पडतो आणि सीमाभागातल्या पालकांनी व क्रीडाशिक्षकांनी त्यातून काय घ्यावं, याची ही माहिती.

खेळ थोडक्यात

सॉफ्टबॉलची सुरुवात १८८७ च्या नोव्हेंबरात शिकागोच्या फॅरागट बोट क्लबमध्ये झाली. बाहेर थंडी होती, म्हणून बॉक्सिंगचा ग्लोव्ह गुंडाळून त्याचा चेंडू केला आणि काठीने तो हॉलमध्येच टोलवला गेला. म्हणजे हा खेळ मुळात थंड शहरात, छपराखाली जन्मला.

आज मुलींच्या फास्टपिच प्रकारात १२ इंच घेराचा चेंडू वापरतात. नाव सॉफ्ट असलं तरी तो चांगलाच कडक असतो. पिचर हात खालून गोल फिरवून चेंडू टाकते. अमेरिकेत १० वर्षांखालील गटात पिचिंगचं अंतर ३५ फूट, १२ वर्षांखालील गटात ४० फूट आणि त्यापुढे ४३ फूट असतं. दोन बेसमधलं अंतर ६० फूट. ताशी ६० मैल वेगाने टाकलेला चेंडू ४३ फूट अर्ध्या सेकंदात कापतो. तेवढ्यात बॅटरने ठरवायचं, मारायचा की सोडायचा. ही सवय पुस्तक वाचून येत नाही, हजारो चेंडू पाहूनच येते. म्हणून सरावाचे तास मोजावे लागतात.

विजेत्यांचा नकाशा

अमेरिकेतल्या विद्यापीठ संघांची एनसीएए सॉफ्टबॉल स्पर्धा १९८२ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २००४ पर्यंतच्या २३ हंगामांत मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या एकाही संघाने अंतिम सामना जिंकला नाही. टेक्सास ए अँड एमने दोनदा आणि ओक्लाहोमाने एकदा बाजी मारली. बाकी सगळे विजेते कॅलिफोर्निया आणि ॲरिझोनातले.

लिसा फर्नांडिस, जेनी फिंच, मोनिका ॲबट या अमेरिकेच्या गाजलेल्या ऑलिंपिक पिचरही कॅलिफोर्नियातूनच आल्या. 'तिकडच्या मुलीच वेगळ्या' हा समज इथून पक्का झाला.

फरक पडतो कुठे?

पहिला फरक महिन्यांचा. दक्षिण कॅलिफोर्नियात जवळपास वर्षभर मैदानावर उतरता येतं. मिशिगन, मिनेसोटा या राज्यांत हिवाळाभर मैदान बर्फाखाली असतं. तिथल्या मुली शाळेच्या जिममध्ये किंवा नेट लावलेल्या हॉलमध्ये सराव करतात. पिचिंग आणि बॅटिंग तिथे होऊन जाते. पण लाकडी फरशीवर चेंडूचा टप्पा मातीसारखा पडत नाही आणि छपराखाली उंच कॅचचा अंदाज शिकता येत नाही. त्यामुळे फिल्डिंग कच्ची राहते.

दुसरा फरक शाळेच्या हंगामाचा. अमेरिकेत बहुतेक राज्यांत शालेय सॉफ्टबॉल वसंत ऋतूत होतो. जॉर्जिया, ओक्लाहोमा, कोलोरॅडो, नेब्रास्का इथे तो शरद ऋतूत होतो आणि आयोवात चक्क उन्हाळ्यात. म्हणजे एका राज्यातली मुलगी ऐन भरात असते तेव्हा दुसरीकडची नुकती ग्लोव्ह हातात घेत असते.

तिसरा फरक क्लबचा आणि पैशाचा. शाळेबाहेर 'ट्रॅव्हल बॉल' म्हणून क्लबचे संघ असतात. ते शनिवार-रविवार गावोगावच्या स्पर्धा खेळतात. फी, प्रवास, हॉटेल, खासगी पिचिंग कोच हा सगळा खर्च पालकांचा. जिथे क्लब दाट, तिथे तुल्यबळ प्रतिस्पर्धी तासाभराच्या अंतरावर मिळतो. विरळ भागात त्यासाठी दुसरं राज्य गाठावं लागतं.

आता साधा हिशेब करू. आठवड्यातून तीन दिवस, रोज दोन तास सराव धरला, तर वर्षातल्या ४८ आठवड्यांत २८८ तास होतात. मैदान फक्त २६ आठवडे मिळालं तर १५६ तास. फरक १३२ तासांचा. १० ते १८ या आठ वर्षांत तो १,०५६ तासांवर जातो. दोन्ही मुली तितक्याच मनापासून खेळल्या तरी एकीच्या खात्यात हजार तास जादा जमा. बघणारा मात्र याला 'जिद्दीचा फरक' म्हणतो.

२००५ मध्ये काय घडलं

फरक जिद्दीचा असता तर तो कायम राहिला असता. तसं झालं नाही. २००५ मध्ये मिशिगन विद्यापीठाने तीन सामन्यांच्या अंतिम मालिकेत यूसीएलएला हरवलं. निर्णायक सामना दहाव्या इनिंगपर्यंत लांबला आणि मिशिगनने तो ४-१ असा जिंकला. मिसिसिपीच्या पूर्वेकडच्या संघाचं ते पहिलं विजेतेपद. मिशिगनची पिचर जेनी रिटर त्याच राज्यातल्या डेक्स्टर गावची होती आणि विजयी होम रन मारणारी समँथा फिंडले शेजारच्या इलिनॉयची. दोघीही बर्फाच्या प्रदेशात वाढलेल्या.

त्यामागे प्रशिक्षक कॅरोल हचिन्स यांचं दीर्घ काम होतं. १९८५ ते २०२२ अशी सलग वर्षं त्यांनी एकच संघ सांभाळला. उत्तरेकडचे विद्यापीठ संघ फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला की पहिले काही आठवडे फ्लोरिडा, ॲरिझोना, कॅलिफोर्नियात जाऊन खेळतात आणि मैदानाची उणीव भरून काढतात. पुढे २००९ मध्ये पावसाळी हवेच्या सिएटलमधल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने आणि २०१२ मध्ये अलाबामाने विजेतेपद मिळवलं. ओक्लाहोमाने २०२१ ते २०२४ अशी सलग चार वर्षं जिंकली. हवामान कुणाचंही बदललं नाही. बदलली ती मैदानांची सोय, प्रशिक्षकांचं सातत्य आणि सामन्यांची संख्या.

वर्षभर खेळण्याची किंमत

जास्त तास म्हणजे नेहमीच चांगलं, असंही नाही. खालून टाकलेल्या चेंडूने हाताला इजा होत नाही, हा जुना गैरसमज आहे. खांदा, दंड आणि पाठीवर चांगलाच ताण येतो. अमेरिकेत शालेय बेसबॉलमध्ये २०१७ पासून प्रत्येक राज्याला पिचरसाठी चेंडूंची मर्यादा ठरवावी लागते. सॉफ्टबॉलला तशी देशव्यापी सक्ती नाही. त्यामुळे एकच चांगली पिचर सगळे सामने टाकत राहते. तिथल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला असा: आठवड्यात एक-दोन दिवस सुट्टी आणि वर्षातून एकूण तीन महिने त्या खेळापासून विश्रांती.

घाईचाही त्रास झाला. विद्यापीठांचे प्रशिक्षक आठवी-नववीतल्या मुलींशी बोलणी करू लागले होते. शेवटी २०१८ मध्ये नियम आला की अकरावीच्या १ सप्टेंबरपूर्वी असा संपर्क करायचा नाही.

जपानचा मार्ग

जपानमध्ये शाळेचा क्रीडा क्लब हाच सरावाचा कणा. मुली एकाच शाळेच्या मैदानावर, एकाच संघातून रोज सराव करतात. पुढे कंपन्यांच्या संघांत नोकरी आणि खेळ एकत्र चालतो. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये युकिको उएनो हिने दोन दिवसांत तीन सामने खेळून ४१३ चेंडू टाकले आणि जपानने अमेरिकेला हरवून सुवर्ण जिंकलं. टोकियोतही सुवर्ण जपानचंच.

पण त्याच जपानच्या क्रीडा विभागाने २०१८ मध्ये शाळांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. आठवड्यात किमान दोन दिवस सुट्टी, शाळेच्या दिवशी साधारण दोन तास आणि सुट्टीच्या दिवशी तीन तास सराव. जिद्दीसाठी जगभर नावाजलेल्या देशालाही मर्यादा घालावी लागली.

आपल्याकडचं चित्र

भारतात शालेय सॉफ्टबॉल १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतो. जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय स्पर्धा अशा पायऱ्या. नावं राज्यागणिक वेगळी असली तरी वाट साधारण तीच. विद्यार्थी शाळा ज्या राज्यात, त्या राज्याकडून खेळतो. म्हणून चंदगडची मुलगी महाराष्ट्राकडून आणि बेळगावची कर्नाटकाकडून उतरते. घरात बोली एक, पण स्पर्धांच्या तारखा, क्रीडागुण आणि नोकरीतल्या सवलती वेगळ्या. त्यामुळे शेजारच्या राज्यातल्या नातेवाइकाने सांगितलेला नियम आपल्याला लागू होईलच असं नाही. तो आपल्याच क्रीडा खात्यात विचारून घ्यावा.

अमेरिकेत जे बर्फ करतं, ते आपल्याकडे पाऊस करतो. गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि जून ते सप्टेंबर मैदान चिखलात जातं. खानापूर तालुक्यातही तीच गत. इंदूर आणि हैदराबादला पाऊस याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास, त्यामुळे तिथे मैदान अधिक दिवस मिळतं, पण एप्रिल-मेचं ऊन दुपारचा सराव खातं. त्यातच स्पर्धा पावसाच्या मागोमाग येऊन ठेपतात. पणजीची आणि इंदूरची मुलगी एकाच राष्ट्रीय स्पर्धेत भेटतात, तेव्हा दोघींच्या पायाखालचे महिने सारखे नसतात.

मैदानाचीही वाटणी असते. संध्याकाळी बहुतेक मैदानं क्रिकेटवाल्यांच्या ताब्यात. ग्लोव्ह महाग, डावखुऱ्यांचा ग्लोव्ह तर मिळता मिळत नाही. मुलगी दहावीला गेली की घरून सराव बंद. हे सगळं वजा करून उरतं ते तिचं 'डेडिकेशन' म्हणून मोजलं जातं.

पावसाच्या चार महिन्यांत काय करता येईल

शाळेचा व्हरांडा, सभागृह किंवा मंगल कार्यालयाचा रिकामा हॉल पुरतो. भिंतीवर टेनिस बॉल मारून टप्प्याचे कॅच, स्टँडवर चेंडू ठेवून जाळीत बॅटिंग, पिचरसाठी जवळून मनगटाचा झटका आणि हात फिरवण्याची लय. कॅचर आणि पिचर जोडीने वीस मिनिटं रोज. उंच कॅच आणि बेस रनिंग मात्र उघड्यावरच शिकावं लागतं. म्हणून उघडीप मिळाली की पहिला वेळ त्यालाच द्यावा. एका संघात किमान तीन पिचर तयार कराव्यात आणि कुणी किती चेंडू टाकले ते वहीत लिहावं. वहीला खर्च नाही, आणि खांदा वाचतो.

चाचणीत काय पाहावं

निवड करणाऱ्यांनी मुलीला तीन गोष्टी विचाराव्यात: वर्षात किती महिने मैदान मिळालं, किती सामने खेळायला मिळाले, शिकवणारं कुणी होतं का. सहा महिने मैदान मिळालेली मुलगी बारा महिन्यांवालीच्या जवळपास खेळत असेल, तर पुढच्या वर्षी वाढण्याची जागा तिच्याकडे जास्त आहे. तिला 'सिरियस नाही' म्हणून परत पाठवलं तर नुकसान तिचं होतंच, संघाचंही होतं.

२०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सॉफ्टबॉल पुन्हा येत आहे आणि सामने ओक्लाहोमा सिटीत होणार आहेत. टीव्हीवर ते पाहून आपल्याकडच्याही काही मुली ग्लोव्ह मागतील. त्यांना पहिल्या पावसात घरी बसवायचं की हॉल उघडून द्यायचा, हे शाळांनी आणि पालकांनी आत्ताच ठरवलेलं बरं.